तोंडातून परत गेलेलं पत्र

मित्रांनो, आधी माझ्या तोंडातली ती गालिचे धुऊन देणाऱ्यांची जाहिरात काढा, म्हणजे मला बोलता येईल.

हं. आता बरं वाटलं.

मी पत्रपेटी. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर जिन्याजवळ आमची रांग आहे, त्यात सगळ्यात कडेची ती मी. पत्र्याच्या कारखान्यात जन्मले. एका यंत्राने धाडकन दाबलं, दुसऱ्याने तोंड कापलं, मग हिरवा रंग फवारून भट्टीत घातलं. तेव्हा मी काय चमकायचे!

पहिली वर्षं मजेत गेली. वर राहणारे शिंपीकाका येता-जाता माझ्यावरून फडकं फिरवायचे. "ह्या पेटीनं माझं एक पत्र भिजू दिलं नाही," असं सगळ्यांना सांगायचे. मी फुगून जायचे. पत्र्याला जेवढं फुगता येतं तेवढं. मग काका मुलीकडे राहायला गेले आणि माझे हाल सुरू झाले. कोणाचा तरी चेंडू लागून पोचा पडला. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली. दार उघडलं, वारा आला, की माझी खडखड सुरू. ती आजही थांबलेली नाही. आणि खरं सांगू, ती नुसती वाऱ्याची नाही.

काकांच्या घरात एक जोडपं राहायला आलं. परदेशातून आलेलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो आधीच येऊन स्थिरावला होता, बायको मागून आली. ती कवळ्या बनवायची. म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे दात हो! बोटं इतकी नाजूक चालायची तिची, की माझं कुलूपसुद्धा ती मला दुखेल की काय अशा बेतानं उघडायची. इमारतीतली पोरं त्यांना लिफ्टवाला आणि कवळीवाली म्हणायची. मीही तेच म्हणते.

लिफ्टवाल्याच्या आईनं लग्नात एक पितळी पाटी करून दिली होती. वर घराण्याचं आडनाव, खाली 'परिवार'. बायको यायच्या आदल्या दिवशी त्यानं ती माझ्या छातीवर स्क्रूनं बसवली. दोन पावलं मागं गेला. बघितलं. परत येऊन बाहीनं पुसली. मला वाटलं, आले माझे चांगले दिवस.

आता कवळीवालीची अडचण ऐका. दात बनवायच्या एका कारखान्यानं तिला नोकरी देऊ केली होती. पण पगार बँकेतच जमा होणार. बँक म्हणे, इथं राहायच्या परवान्याचं कार्ड दाखवा, मग खातं उघडू. आणि कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला कधी यायचं, ते कार्यालय पत्रानंच कळवणार. म्हणजे सगळं येऊन थांबलं कुठं? माझ्या तोंडाशी.

ती दिवसातून कितीदा तरी खाली यायची. कुलूप उघडायची, आत हात फिरवायची, अगदी कोपऱ्यापर्यंत. रिकामं. पुन्हा वर. थोड्या वेळानं पुन्हा खाली, चपला न घालताच.

"अगं, येईल. इथली कामं वेळेवर होतात," लिफ्टवाला म्हणायचा.

"तुझी होतात. तुझं विजेचं बिल येतं, बँकेचं पत्र येतं, चष्म्याच्या दुकानाचं वाढदिवसाचं कार्डसुद्धा येतं. माझ्याशीच काय वाकडं आहे?"

मित्रांनो, पत्र आलं होतं! मी स्वतः बघितलं. टपालवालीनं जाड लिफाफा अर्धा माझ्या तोंडात घातला, सवयीनं पाटी वाचली, पुन्हा लिफाफा वाचला, आणि ओढून घेतला. तोंडचा घास काढतात ना, तसा. लिफाफ्यावर कवळीवालीचं पूर्ण नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. तिचा पासपोर्ट, शिक्षणाचे दाखले, सगळं त्याच नावानं. लग्नानंतर तिनं ते बदललं नव्हतं आणि लिफ्टवाल्याची काही हरकतही नव्हती. पण माझ्या छातीवर फक्त त्याचं आडनाव! आणि इथं पेटीवर नाव नसेल, तर त्या नावाचं पत्र आत टाकत नाहीत. टपालवालीनं लिफाफ्यावर शेरा मारला आणि निघून गेली.

मला ओरडायचं होतं. पण पेटीला तोंड असतं, जीभ कुठं असते? मी नुसती खडखडले.

दुसऱ्यांदाही तेच.

शेवटी कवळीवाली कार्यालयात जाऊन आली. जिन्याशी आली तेव्हा चेहरा पांढरा पडलेला.

"पत्र दोनदा परत गेलंय. ह्या पत्त्यावर राहत नाही, असा शेरा मारून! मी राहत नाही म्हणे. मग रोज तुझे डबे कोण भरतं, भूत?"

"मग आता?"

"आता शेवटचं पाठवणार. तेही परत गेलं तर अर्ज बंद. नोकरी गेली, आणि मीही परत. विमानतळावर यायला सुट्टी मिळेल ना तुला?"

लिफ्टवाल्यानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

"ही पेटीच भिकार आहे," तो म्हणाला. "झाकण बघ कसं लटकतंय. सरकारी पत्रं जाड असतात, कडेला अडकत असणार. टपालवाली वैतागून घेऊन जात असेल."

झालं! मेकॅनिकच तो, त्याला यंत्राचाच दोष दिसणार. हत्यारांची पिशवी आणली. माझी स्प्रिंग काढली, नवी घातली, तोंड कानशीनं घासून मोठं केलं. इतकं मन लावून की घाम आला बिचाऱ्याला. मला दुखत होतं, रागही येत होता. माझा काही दोष नसताना! पण सगळं बायकोसाठीच चाललं होतं, म्हणून मी सोसलं.

कवळीवाली पायरीवर बसून बघत होती. त्याच्याकडे नाही, माझ्या शेजारणीकडे, म्हणजे बाजूच्या पेटीकडे. त्या पेटीच्या घरात चार पोरं मिळून राहायची. शेजारणीच्या अंगावर चार चिठ्ठ्या चिकटवलेल्या, वाकड्यातिकड्या. प्रत्येकावर एकेकाचं पूर्ण नाव.

"अरे, थांब जरा. ही पाटी कोणाची?"

"आपली."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे आपल्या घराची. असं काय विचारतेस?"

"माझं पत्र घराच्या नावानं येतं का? ते माझ्या नावानं येतं. ह्यात मी कुठं आहे, दाखव."

कानस त्याच्या हातातच राहिली. त्यानं पाटीवरून बोट फिरवलं. आडनाव. परिवार. पुन्हा आडनाव.

"मी तुला त्यात धरलंच होतं गं," तो हळूच म्हणाला.

"तू धरलंस. टपालवालीला काय माहीत?"

ती धावत वर गेली आणि दाताच्या साच्यांवर लावायची पांढरी चिकटपट्टी घेऊन आली. तिच्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, कवळीचे दात घडवावेत तसं एकेक अक्षर कोरून, आणि पाटीखाली घट्ट दाबलं.

लिफ्टवाल्यानं आईला लगेच फोन लावला. "आई, पाटीवर अजून एक नाव आलंय बरं का."

"अगंबाई! मुलगा की मुलगी?"

"सून, आई! सून!"

"मेल्या, ती आधी नव्हती होय पाटीवर?"

कवळीवाली खूप दिवसांनी हसली. पण पत्र यायचं बाकी होतं. मधल्या दिवसांत पट्टीचा कोपरा सुटायला लागला की माझा जीव वरखाली व्हायचा. ती येऊन पुन्हा दाबायची. आणि एका सकाळी टपालवाली आली. तोच जाड लिफाफा. अर्धा आत घातला. पाटी वाचली. थांबली. पट्टी वाचली.

आणि सोडला!

तळाशी धप्प असा आवाज झाला. इतका गोड आवाज माझ्या आयुष्यात झाला नव्हता.

कार्ड आलं, खातं उघडलं, नोकरी सुरू झाली. पुढं ते दोघं मोठ्या घरात गेले. जाताना तिनं पट्टी सोलली, त्यानं पाटी काढली आणि माझ्या बिजागरीत तेलाचा थेंब सोडला. आता माझ्यावर स्क्रूची भोकं आहेत आणि एक फिकट पट्टा, बस्स.

वरच्या घरात आता एक नवी मुलगी आलीय. एकटीच. तीही सारखी खाली येते, कुलूप उघडते, कोपऱ्यापर्यंत हात फिरवते. माझ्यावर नाव कोणाचंच नाही. आज सकाळी टपालवालीनं एक लिफाफा अर्धा आत घातला, माझ्या कोऱ्या छातीकडे बघितलं, आणि काढून घेतला.

मी खडखडले. मुलगी म्हणाली, "काय वारा आहे!" आणि वर गेली.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. पोचाही राहू दे. तुमच्यातलं कोणी त्या जिन्यानं वर जात असेल, तर तेवढं तिचं दार वाजवा.