लांब स्क्रू

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या सिंकखाली आडवा पडलो होतो. फोनवरच्या बाईंनी आधी माझं नाव विचारलं, मग पेशंटशी नातं विचारलं आणि मग सांगितलं. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि आधी हातातला नट आवळला. पाईप सुटा ठेवून निघता येत नाही. गिऱ्हाइकाने वाकून विचारलं, "काही अर्जंट होतं का?"

"आता नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना कुरिअरवाला आला. पार्सल बायकोच्या नावाचं होतं.

"मॅडमच्या फोनवर एक नंबर आलाय, तो सांगा."

तिचा फोन हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत, तिच्या कपड्यांमध्ये, बंद पडला होता. शेवटी मेहुणा पुढे झाला. "अहो, माझी बहीण आज वारली."

कुरिअरवाला ओशाळला. हातातल्या यंत्राकडे बघून म्हणाला, "मग घरातल्या कुणाचीही सही चालेल."

माझी बायको ड्रोनच्या शर्यती खेळायची. हे सांगितलं की लोक पुन्हा विचारतात, म्हणून सरळ सांगतो. ती पडद्यांच्या कारखान्यात शिलाई करायची आणि रविवारी एका रिकाम्या गोदामात खुर्चीवर बसून, डोळ्यांवर गॉगल चढवून, तळहाताएवढा ड्रोन कमानींमधून पळवायची. ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये दिसतं म्हणे. बाहेरून मला एवढंच दिसायचं की एक बाई खुर्चीत बसून मान वाकडी करतेय. पार्सलमध्ये तिने मागवलेला नवा सांगाडा होता. काळ्या कार्बनच्या पट्ट्या, चार मोटरी, एक बोर्ड आणि स्क्रूच्या पुड्या. सगळं सुटं.

दोन-चार दिवसांनी तिच्या क्लबची माणसं भेटायला आली. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "पुढच्या शर्यतीत काकूंची जागा तशीच ठेवलीय. त्यांचा हा ड्रोन उडवू या. तुमची लेक चालवेल, तिला त्यांनीच शिकवलंय. पार्सल आमच्याकडे द्या, आम्ही जोडतो. तुम्हाला ते जमायचं नाही."

मायेनेच म्हणाला. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मी जोडतो."

मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, तो नळ नाहीये."

"माहितीये. नळ उडत नाही."

झालं. शब्द गेला होता. शर्यतीपर्यंत ते चार पंखांचं प्रकरण हवेत गेलं नाही, तर तिची खुर्ची रिकामी राहणार होती, आणि तीही माझ्यामुळे.

लेकीने पहिल्याच दिवशी टेबलावरून माझी गॅसची बत्ती उचलून नेली आणि आईची बारीक सोल्डरिंगची कांडी समोर ठेवली. मी आयुष्यभर तांब्याचे पाईप जोडलेत. माझा पहिला टाका बघून ती म्हणाली, "बाबा, या डागाचं वजन ड्रोनपेक्षा जास्त आहे." मग तिला स्क्रूवर पांढरी टेप गुंडाळलेली दिसली.

"यातून काय गळणार आहे?"

"सवय," मी म्हणालो आणि टेप काढली.

मोटरी बसवायला दोन पुड्या होत्या, एकीत आखूड स्क्रू, दुसरीत लांब. आखूड स्क्रू दोन वेढ्यांत संपायचा. आमच्या धंद्यात असा स्क्रू लावणाऱ्याला गिऱ्हाईक आठवड्यात परत बोलावतं. मी चारही मोटरींना लांब स्क्रू लावले आणि पार शेवटपर्यंत आवळले. हलवून पाहिलं. भिंत हलली असती, मोटर नाही.

लेकीने बॅटरी जोडली. एका मोटरीतून धुराची रेघ निघाली. तिने बॅटरी ओढून काढली, पण मोटर गेली होती. स्क्रूचं टोक आतल्या तारेच्या गुंडाळीत घुसलं होतं.

"आईने सांगितलं असतं तुम्हाला."

"सांगितलं असतं. मी ऐकलं नसतं."

डॉक्टर दुसरी मोटर घेऊन आला. जळकी मोटर चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाला, "थेट दाताच्या नसेपर्यंत गेलात की. काकू म्हणायच्याच, आमचे हे आवळायला लागले की थांबत नाहीत."

"आणखी काय म्हणायची?"

तो सांगत बसला. गोदामात मी बराच प्रसिद्ध होतो असं कळलं. चहा गार झाला तरी मी त्याला उठू दिलं नाही. तो गेल्यावर सगळे लांब स्क्रू काढून आखूड लावले. दोन वेढे, बस. हाताला आवरताना फार त्रास झाला.

शर्यतीच्या दिवशी लेक आईच्या खुर्चीत बसली. मी जाळीच्या मागे उभा होतो, मेहुणा शेजारी. ड्रोन उठला. पहिली कमान, दुसरी, मग वळून पूर्ण फेरी. मी जोडलेली वस्तू, आणि एक स्क्रू निघाला नाही. मेहुण्याने माझा खांदा दाबला. मला आनंद व्हायला हवा होता. डोक्यात मात्र एवढंच आलं, की उद्यापासून त्या टेबलाशी बसून करायचं काय.

दुसऱ्या फेरीत तो कमानीच्या खांबावर आदळला.

डॉक्टर म्हणाला, "काकूही इथेच आपटायच्या." लोक हसले. लेकीने गॉगल काढला आणि बराच वेळ त्याच्या काचा पुसत राहिली.

"सॉरी बाबा."

"एक फेरी झाली की. तिची जागा भरली."

मी ड्रोन उचलला. एक आर्म, म्हणजे मोटरीखालची कार्बनची पट्टी, बुडातून मोडला होता, मोटर तारांना लोंबत होती. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता काचेच्या कपाटात ठेवा."

डॉक्टरने पेटी उघडली. "द्या, दहा मिनिटांचं काम आहे."

"नको," मी म्हणालो. "घरी करतो. घाई नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पेटीतला एक नवा आर्म काढून नुसता माझ्या हातावर ठेवला.

तो टेबलावर आहे. अजून बसवलेला नाही.