धुळाच्या ढिगाचा खटला

कोरेगावाहून गावात येणाऱ्या वाटेवर दगडांचा एक ढीग आहे. येताजाता प्रत्येकाने त्यावर खडा टाकायचा, अशी रीत. बेचाळीसच्या चळवळीतली माणसं माळावर लपली होती आणि धुळा मेंढपाळाने ती पोलिसांना दाखवली, असं गाव मानतं. निवृत्तीनंतरही शाळेत शिकवायला येणाऱ्या नाथाजी गुरुजींनीही ऐंशी वर्षांच्या आयुष्यात ओंजळीओंजळीने खडे टाकले होते.

यंदा आठवीच्या मुलांनी वर्गात न्यायालय भरवलं. पल्लवी म्हणाली, "धुळाचा खटला घ्या. मी त्याची वकील." ती धुळाची पणती. शाळेत येताना ती ढीग टाळून बांधाबांधाने यायची.

गुरुजींनी फळ्यावर लिहिलं : आरोपी धुळा. आरोप देशद्रोह. आणि खाली : ऐकीव चालणार नाही.

"छाप्याच्या आदल्या सांजेला त्यानं माळावरची मेंढरं हलवली," सरकारी वकील ऋषिराज म्हणाला. "छापा पडणार हे ठाऊक होतं, म्हणूनच ना?"

"अवघड हाय गं पल्लवे," मागून कुणीतरी खुसखुसलं.

जुना काळ सांगायला गुरुजींनी आपल्या थोरल्या बहिणीला आणलं होतं. मनुबाई एक्याण्णव वर्षांची. पल्लवीने तिलाच साक्षीला उभं केलं.

"आजी, मेंढरं कुठं गेली त्या सांजेला?"

मनुबाई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर ऊन मऊ झालं होतं. ती बोलू लागली तेव्हा आवाज लांबून, कुठल्यातरी शेतातून आल्यासारखा वाटला.

"आमच्याच रानात बसली रातभर. मेंढरं बसली की रानाला खत मिळतंय. त्या साली शाळू जोंधळा असा आला, की मी आत शिरले नि वाटच सापडंना. वर नुसती कणसं. हिरवा उजेड. लय गार वाटलं बघ. मला वाटलं, आता आपण हितंच ऱ्हायचं."

गुरुजींनाही क्षणभर त्या हिरव्या उजेडात उभं असल्यासारखं वाटलं.

"मेंढरं बसवायला धुळाला बोलावलं कुणी?"

"आमच्या बानं. सोता माळावर जाऊन. आजच हलव म्हणाला."

गुरुजींच्या हातातला खडू थांबला.

"आक्का, हे कवा बोलली न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई, नाथा." मग हळूच म्हणाली, "बा त्या वाटंनं कवाच गेला न्हाई. एक खडा टाकला न्हाई त्यानं. लांबच्या वाटंनं जायचा, मरूस्तोवर."

न्यायाधीश झालेल्या राजनंदिनीने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "निकाल तुझा, बाळ."

"मेंढरं हलवली ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून. पोलिसांना सांगताना कुणी बघितलं नाही. गुन्हा सिद्ध होत नाही."

पल्लवीने वही मिटली आणि तोंडावर धरली.

"मग गुरुजी," ऋषिराजने चाचरत विचारलं, "सांगितलं कुणी?"

गुरुजी उठले. धुळाचं नाव त्यांनी हाताने पुसलं आणि तिथे वडिलांचं नाव लिहिलं : आप्पासाहेब. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. खालच्या 'ऐकीव चालणार नाही' या ओळीला त्यांनी हात लावला नाही.

"उद्या हा खटला," ते म्हणाले. "पल्लवी, यांनाही वकील लागेल. होशील?"

पल्लवीने फळ्याकडे पाहिलं. मग तिने वही उघडली.

"आजी," ती म्हणाली, "तुमचे बा त्या दिवशी माळावर किती वाजता गेले होते?"