अर्ध्या गोळीचं लेबल

सूनबाईने प्रिंटरचं नाव काढलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"बाबा, लेबलांसाठी एक प्रिंटर घेऊ या," ती म्हणाली. "तुमच्या हाताला आराम."

माझ्या हाताला काय धाड भरलीय? बेचाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. डॉक्टरची चिठ्ठी आली की गोळ्या मोजायच्या, बाटलीत भरायच्या आणि वर लेबल लावायचं: कुणाची, कसली, किती, केव्हा. ते लेबल मी स्वतः लिहितो. अक्षर असं, की चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला लाज वाटावी. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांची औषधं तर मला तोंडपाठ. सकाळी दुकान उघडलं की आज कोण कोण येणार हे आठवून त्यांच्या बाटल्या मी आधीच भरून, लेबलं लावून ठेवतो. माणूस दारात, बाटली हातात. चिठ्ठी उघडायचंही काम नाही. आख्ख्या रस्त्यावर याचं कौतुक होतं, उगीच नाही.

सूनबाईपण औषधांचंच शिकलेली. मुलगा परगावी नोकरीला, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तिला म्हटलं, दुकानात ये. आली. कामाला वाघ आहे, खोटं कशाला बोलू? पण गेले दोन महिने तिचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. एखादं गिऱ्हाईक बाहेर पडलं की ही "आलेच हं बाबा" म्हणायची आणि अंगात पांढरा कोट तसाच ठेवून त्याच्या मागे धावत सुटायची. परत यायची तेव्हा धाप लागलेली. कुठे गेली होतीस म्हणून विचारावं, तर ताकास तूर लागू देईल तर शपथ.

मी काय समजायचं ते समजलो. ही बाहेर गाठून गिऱ्हाइकं फोडतेय. 'सासऱ्यांचं आता वय झालं, यापुढे मलाच विचारत चला.' आधी हातातलं पेन काढून घ्यायचं, मग बुडाखालची खुर्ची. वा रे वा!

सरळ नको म्हणालो असतो तर मुलाला फोन गेला असता. म्हणून म्हटलं, चल, बघून तर येऊ. प्रत्येक प्रिंटरमध्ये खोट काढायची, हे घरातून निघतानाच ठरवलं होतं. खिशात स्पिरिटची छोटी बाटली टाकली आणि निघालो.

"या ताई, या!" प्रिंटरवाला पुढे आला. ताई? ही याची ताई कधीपासून? माझे कान टवकारले.

पहिल्यांदा त्याने शाईचा प्रिंटर दाखवला. रंगीत छापतो, फोटो छापतो, काय नि काय. मी म्हटलं, एक लेबल काढ. काढलं. अंगठा जिभेला लावून मी त्यावरून फिरवला. 'जेवणानंतर'चा पार चिखल झाला.

"काका, ओलं नाही करायचं," तो म्हणाला.

"लोक ओल्या हाताने बाटली धरतात. त्यांना सांगायला तू जाणार का घरोघर?"

मग आला लेसर. यात पातळ शाई नाही, पावडर तापवून कागदावर पक्की बसवतात. थुंकी लावली, स्पिरिट लावलं, नखाने खरवडलं. ढिम्म! मला घाम फुटला. म्हटलं, आता एकच लेबल काढून दाखव. तेव्हा कळलं, पुष्कळ लेबलांचा मोठा आख्खा कागद आत जातो. एक लेबल वापरायचं आणि उरलेला कागद पुन्हा घालायचा.

"अर्धा वापरलेला कागद चारदा आतून फिरला तर?" मी विचारलं.

"एखादं लेबल सुटून आत चिकटू शकतं," तो हळूच म्हणाला.

"आमच्याकडे गिऱ्हाईक एकेक येतं, मोर्चा येत नाही. पुढचा दाखव."

पुढचा अगदी इवलासा. शाई नाही, पावडर नाही, खास कागद असतो आणि तो तापला की अक्षर उमटतं. लेबलही एकेक निघतं. प्रिंटरवाला अगदी खुलून सांगत होता. त्याच्या टेबलावर चहाचा वाफाळता कप होता. मी लेबल त्या कपाला चिकटवलं. बघता बघता ते सगळं काळं पडलं.

"निम्म्या लोकांच्या बाटल्या चुलीशेजारच्या फळीवर असतात," मी म्हटलं. "चल सूनबाई, झालं बघून."

मला वाटलं, आता हिचं तोंड उतरेल. छे! ती वहीत भराभरा लिहीत होती: पाणी, स्पिरिट, उष्णता, एकेक लेबल. वर मला म्हणते, "बरं झालं बाबा तुम्ही आलात. मला हे सुचलंच नसतं."

मी खोडा घालतोय आणि ही आभार मानतेय? पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं.

"रिबनवाला एक येतो," मागून प्रिंटरवाला म्हणाला. "मागवून ठेवतो. परवा या."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी अकराला मोठ्या बाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात. हृदयाची गोळी चालू आहे. बाटली मी सकाळीच तयार ठेवली होती. त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

"राहू द्या हो बाई, मला पाठ आहे."

त्यांनी एकदा बाटलीकडे, एकदा सूनबाईकडे बघितलं. चिठ्ठी सूनबाईने नोंद करायला घेतली. बाई बाहेर पडल्या आणि दोन मिनिटांत झालंच सुरू: "आलेच हं बाबा."

आज नाही सोडायचं. मी शटर अर्धं ओढलं आणि तिच्या मागे निघालो.

बस थांब्याच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाईंच्या मांडीवर माझी बाटली. आणि सूनबाई नखाने माझं लेबल काढत होती! डोळ्यांसमोर तिने ते सोलून काढलं आणि खिशातून दुसरं काढून तिथे लावलं.

"रंगेहाथ पकडलं!" मी रस्त्याच्या या बाजूनेच ओरडलो.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, इथे नको."

"इथेच! सगळ्यांसमोर! माझं नाव पुसायला निघालीस?" मी रस्ता ओलांडून बाटली हिसकावून घेतली. तिच्या लेबलावर होतं, रोज अर्धी. तिच्या बोटाला चिकटलेल्या माझ्या लेबलावर होतं, रोज दोन. "दोनच आहेत! पाच वर्षं दोन चालू आहेत!"

तिने चिठ्ठी पुढे केली.

तारीख याच सोमवारची होती. रोज अर्धी. डॉक्टरने खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ही गोळी डॉक्टर अर्ध्यावर आणतो ते नाडी आधीच मंद झाली म्हणून; या वयात त्यावर रोज दोन घेतल्या असत्या तर ती इतकी मंदावली असती, की बाई झोपेतून उठल्याच नसत्या. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बेचाळीस वर्षं मीच ते लोकांना सांगत आलोय.

"कितवी?" मी विचारलं.

"बाबा, घरी चला."

"कितवी चूक, सूनबाई?"

"दोन महिन्यांत सहावी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगायला आले." तिचे डोळे भरून आले होते. "एकदा म्हणालात, मला शिकवू नकोस. दुसऱ्यांदा नुसता विषय काढला, तर दोन दिवस धड जेवला नाहीत. ह्यांनासुद्धा मी सांगितलेलं नाही. म्हणून प्रिंटर म्हटलं. चिठ्ठी बघून टाइप केल्याशिवाय लेबल निघणारच नाही. हाताचं निमित्त केलं, म्हणजे तुम्हाला लागणार नाही असं वाटलं."

आणि मी हिला चोर समजत होतो. माझी मलाच इतकी शरम वाटली, की तिच्याकडे बघवेना.

"तिला रागावू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला मागच्या महिन्यापासून ठाऊक आहे. मी घरी गेल्यावर बाटली चिठ्ठीशी ताडून बघते. आमच्या गल्लीत सगळेच बघतात."

"सगळेच?"

"हो. आम्ही ठरवलंच आहे तसं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं?" माझा आवाज चिरकला. "अहो, मग वाटू द्यायचं होतं! एखाद्या दिवशी ताडून बघायचं विसरला असतात तर? मेला असतात ना बाई! माझ्या हातून मेला असतात!"

थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाई सरकल्या आणि मी त्यांच्या शेजारी मटकन बसलो. बस आली नि गेली, आम्ही तिघं तिथेच.

दुसऱ्या दिवशी मीच सूनबाईला म्हटलं, चल. प्रिंटरवाल्याने रिबनचं यंत्र मांडून ठेवलं होतं. रिबनवरची शाई तापून लेबलावर बसते आणि लेबल एकेक निघतं. पाणी लावलं, स्पिरिट चोळलं, गरम कपाला टेकवलं. अक्षर जागचं हललं नाही.

"आता काय खोट काढताय काका?" त्याने घाबरत विचारलं.

"खोट माझ्यात आहे," मी म्हटलं. "मी आता चुकतो. म्हणून मला असं लेबल हवं, जे माझ्या डोक्यातून येणार नाही आणि घरी गेल्यावर पुसलं जाणार नाही. हेच दे."

त्याने सूनबाईकडे बघितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मान हलवली.

यंत्र दुकानात बसवलं त्याच दुपारी गॅरेजवाला आला, वडिलांची रक्तदाबाची गोळी न्यायला. सूनबाई चिठ्ठी समोर ठेवून टाइप करायला बसली. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सकाळी एक, रात्री एक."

यंत्र घरघरलं. लेबल बाहेर आलं. त्यावर होतं, सकाळी एक. रात्रीचं नावच नाही.

मी सूनबाईकडे बघितलं. ती यंत्रावरची नसलेली धूळ झटकायला लागली. गॅरेजवालाही एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीतरी शोधायला लागला. मी चिठ्ठी उचलली, उजेडात धरली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचली.

"लेबल बरोबर आहे," मी गॅरेजवाल्याला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो. "मी चुकलो होतो."

आणि ते बाटलीवर चिकटवलं.