मधल्या विमानतळावरून आलेला फोन

बाबा गेले तेव्हा बारक्या हवेत होता.

बारक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वेल्डरच्या नोकरीसाठी तो जगाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन राहिला होता. दोन्हीकडच्या विमानतळांना जोडणारं थेट विमान नव्हतं. मध्ये उतरायचं, ताटकळायचं, मग दुसरं धरायचं. सगळं मिळून दीड दिवसाचा खेळ. "बाबांना सांग, मी निघालोय. तेवढा दम धरा म्हणावं," असं बजावून तो विमानात बसला होता.

ताईने निरोप सांगितला, बाबांनी डोळे मिचकावले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत असताना श्वास थांबला. डॉक्टर येऊन बघून गेले. सिस्टर नळ्या काढू लागली, तोच फोन वाजला.

"ताई, मधल्या विमानतळावर पोचलो गं! बाबा कसे आहेत?"

ताईने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आत्ता सांगावं तर पुढचा अख्खा समुद्र हा परक्या माणसांमध्ये अंग चोरून, रडत ओलांडणार.

"झोपलेत," ती म्हणाली.

"मग फोन कानाशी धर. ऐकू तर येतं ना?"

"राहू दे रे, आलास की बोल."

"धर गं! दोनच शब्द."

सिस्टरने खिडकीकडे तोंड फिरवलं. ताईने फोन बाबांच्या कानाशी धरला. कान अजून कोमट होता. त्या शांत खोलीत बारक्याचा आवाज तिलाही लख्ख ऐकू येत होता.

"बाबा, मी तिकडे मजेत आहे म्हणायचो ना, ते सगळं खोटं होतं. मला तिथे करमत नाही. आता चार वर्षं झाली, रोज वाटतं, चंबूगबाळं आवरावं. येऊ का कायमचा परत? तुम्ही हो म्हणालात तर येतो."

मग तो थांबला. ताईने फोन आपल्या कानाला लावला.

"काय म्हणाले?"

एवढ्या आशेने विचारलेल्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं, ते तिला सुचलं नाही. "मान हलवली," ती म्हणाली.

"हो म्हणून?"

"हो."

पलीकडे तो लहान मुलासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्याच्या दारात उतरला तेव्हा ताई बाहेरच उभी होती. तिचा चेहरा पाहून त्याने बॅग खाली ठेवली.

"कधी?"

"तुझा फोन यायच्या जरा आधी."

त्याला कळायला वेळ लागला. "मग मान कोणी हलवली?"

ताईने खाली पाहिलं.

"मी त्याच विमानतळावरून साहेबांना फोन केला, ताई. नोकरी सोडली. बाबांनी हो म्हटलं म्हणून सोडली."

"तू एकटा होतास रे. मला वाटलं..."

"ते खरंच हो म्हणाले असते का?"

"मला नाही माहीत."

तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. अंत्यविधी दोघांनी मिळून उरकले. साहेबांनी नोकरी परत द्यायला नकार दिला. महिन्याभराने बारक्याला जवळच्याच एका गॅरेजमध्ये काम मिळालं. तो ताईच्याच घरी राहतो, तिने वाढलेलं मुकाट्याने जेवतो. हल्ली ती काही सांगायला लागली की आधी तिच्या तोंडाकडे बघत राहतो, आणि खरं तेच सांगत असूनही ताईची जीभ अडखळते.