जन्माआधीची गोधडी

शिरूरच्या डाकबंगल्यावर रशियन इंजिनियर राहायला आला, ते त्र्याहत्तर साल. पाण्यासाठी बोअर मारायचं नवं मशीन सरकारने आणलं होतं आणि ते चालवायला शिकवण्यासाठी निकोलाय चार महिने इथे राहणार होता. सोबत बायको वेरा. तिला पाचवा महिना लागलेला. बंगल्याचा वॉचमन होता पोपट, आणि स्वयंपाक, झाडलोट त्याची बायको धुरपदा बघायची.

एकीला मराठी येईना, दुसरीला रशियन. तरी दोघींचं अडलं नाही. बुद्धपौर्णिमेला धुरपदाने घरची खीर डब्यातून नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला, पण रिकामा नाही; आत चांदीच्या कागदातली चॉकलेटं. धुरपदा हरखली. भांडं रिकामं परत करू नये हे तिकडेही पाळतात तर! वेरा बंगल्यामागच्या धुरपदाच्या खोलीवर आली की हात हलवत कधी यायची नाही. कधी साबणाची वडी, कधी चहाचा छोटा डबा. चटईवर बसून धुरपदाच्या हातची भाकरी खायची. धुरपदाच्या आईच्या ओंजळीत लोकांनी वरून पाणी ओतलं होतं. त्यामुळे ही भाकरी तिला फार मोठी वाटायची.

म्हणून तिने गोधडी शिवायला घेतली. आपली दोन मऊ झालेली लुगडी फाडून, दुपारच्या वेळी एकेक टाका घालत, महिनाभर. पूर्ण झाली तशी एका मंगळवारी ती वेरापुढे उलगडून धरली आणि तिच्या पोटाकडे बोट दाखवून हसली.

वेराचा चेहरा पडला. तिने दोन्ही हात मागे घेतले, मान हलवली, काहीतरी पुटपुटली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

धुरपदा गोधडी घेऊन तशीच उभी राहिली. जुनेराची म्हणून नको झाली? की आपण कोण ते कुणी तिच्या कानावर घातलं? हात मागे घेणारी माणसं तिने जन्मभर पाहिली होती. पुढचे चार दिवस तिने खाली मान घालून काम केलं. वेरा दोनदा जवळ आली, खांद्यावर हात ठेवून बोलू लागली, तर धुरपदा बाजूला सरली.

शनिवारी पुण्याहून शेलार आले. हे दुभाषी, आठवड्यातून एकदा यायचे. वेराने त्यांना थेट स्वयंपाकघरात आणलं.

"धुरपदाबाई, या चार दिवस माझी वाट बघतायत," शेलार म्हणाले. "त्यांच्यात मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही देत नाहीत, घेतही नाहीत. बाळाला धोका होतो असं मानतात. बाळ झालं की मी स्वतः मागून घेईन, म्हणतायत."

धुरपदाच्या मनावरचा दगड उतरला आणि त्याच जागी दुसरा बसला. "मंग म्या ह्ये काय करून बसले, सायेब?"

शेलारांनी हसून सोडून दिलं. पोपटनेही समजावलं, की शकुन-अपशकुन आपण बाबासाहेबांच्या मागे गेलो तेव्हाच सोडले. ते तिला पटत होतं. तरी गोधडी तिने पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी घातली.

दहा दिवसांनी, भर दुपारी, वेराच्या पोटात दुखू लागलं. अजून सातवाच महिना होता. धुरपदा पाठ चोळत राहिली. जीप येईपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पुण्याच्या दवाखान्यात मुलगा झाला आणि दोन तास जगला. पोपट बातमी घेऊन आला तेव्हा धुरपदाने तापलेला तवा खाली उतरवून ठेवला.

आठवड्याने दोघं सामान न्यायला आली. ती मायदेशी परत निघाली होती. शेलारांना दुसऱ्या कामावर नागपूरला धाडलेलं, आणि जीपच्या ड्रायव्हरला फक्त हिंदी येत होतं. पोपट म्हणाला, "तू फुडं जाऊ नगंस. बघून त्यांचा जीव तुटंल."

तरी ती गेली. वेरा जीपमध्ये बसली होती, पार वाळलेली. धुरपदाने कडेची दांडी धरली.

"बाई, मला ठावं नव्हतं वो. म्या वाईट चिंतलं न्हाई."

वेराने तिच्याकडे पाहिलं आणि बोलू लागली. बरंच बोलली, हळू आवाजात, डोळे न पुसता. दोष देत होती की समजूत घालत होती, सुरावरून कळत नव्हतं. धुरपदाने निकोलायकडे पाहिलं, त्याने नजर वळवली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

त्या बोलण्यातला एक शब्द वेराने तीनदा उच्चारला होता. धुरपदाने तो धरून ठेवला. भांडी घासताना, पाणी भरताना ती तो मनात म्हणत राहिली. शेलार कधी आलेच तर विचारायचा होता. नवा दुभाषी आलाच नाही. मशीन दौंडकडे हललं. दिवाळीच्या सुमाराला तिच्या ध्यानात आलं, की तो शब्द आता ती दोन तऱ्हांनी म्हणते आहे, आणि त्यातला खरा कुठला हे तिला सांगता येत नव्हतं.