नऊ नंबरची सावली

मित्रांनो, मी एक जुना पंखा. छताला टांगत्यात तसला न्हाई बरं का! आंबेगावच्या पठारावर एका पायावर उभा हाय तो. कागदावर मला पवनचक्की म्हणत्यात, पर गावानं पंखा म्हटलं, मग मी बी सोताला पंखाच म्हणतो. नंबर नऊ. आमी चाळीस भावंडं हाय इथं.

माझी तीन पाती तीन लांबड्या गाड्यांवरनं आली. आळेफाट्याच्या वळणावर एक गाडी आडली, तवा हाटेलवाल्याला आपला बोर्ड उतरवावा लागला. "माझ्या भज्याला गिऱ्हाईक न्हाई, आन् ह्या पंख्याची वरात बघा!" म्हणून तो वरडला, आन् मग त्यानंच समद्यांना चहा पाजला. मी उभा ऱ्हायलो तवा ओझरचा गणपती करून येणारी माणसं वाट वाकडी करून बघायला यायची. मान वर करता करता टोप्या पडायच्या. लई कौतुक झालं राव.

पुढं कौतुक आटलं. ऱ्हायली ती बयाबाई.

म्हातारीची चौदा शेरडं. पठारावर धड झाड न्हाई, लांब ओढ्याच्या वगळीपाशी एक बाभूळ, तिची बी सावली विरळ. मग माझ्या पायाची जी काळी पट्टी भुईवर पडती ना, त्या पट्टीत ती शेरडं घेऊन बसायची. सावली सरकली की शेरडं उठायची आन् रांगेनं सरकून बसायची. भर दुपारी सावली एका चपट्या दगडावर यायची. तिथं बयाबाई भाकर सोडायची. दुसरं घड्याळ तिला ठावं न्हाई.

औंदा पाऊस सरला, आन् माझ्यात आवाज निघाला. एक पातं खाली आलं की टक्. फेऱ्याला एक टक्.

राखणदार गोरख, बयाबाईचा भाचा. त्याची रोजची सवय, सकाळी माझ्या लोखंडाला कान लावायचा, बैलाच्या पोटाला लावत्यात तसा. त्यानं आपिसात फोन केला.

"साहेब, नऊ नंबर वाजतोय."

"गोरख, माझ्या स्क्रीनवर नऊ नंबर हिरवा आहे. सगळं ठीक आहे."

बयाबाई शेजारी उभी व्हती. ती म्हणली, "तुज्या सायबाला म्हणावं, तुमच्या टीव्हीत हिरवं आसंल, पर ह्याच्या पोटात दुकतंय. मी न्हाई बसायची बाबा ह्याच्याखाली."

"आगं आत्ये, उन्हात मरशील."

"मरंन, पर चपटी व्हऊन न्हाई मरायची."

आन् ती गेली की शेरडं घेऊन बाभळीखाली! माझी सावली उगंच त्या दगडावर येऊन जायची. पर मला बरं वाटलं. म्हातारी शहाणी.

मग आली खंडेनवमी. त्या दिशी आपल्याकडं हत्यारं धुऊन पुजत्यात, काम करू देत न्हाईत. गोरखनं बटन दाबून मला थांबवलं. माझ्या पायातल्या दाराला झेंडूचा हार, लिंबू, पायाशी नारळ. म्हणला, "औताला सुट्टी, कुऱ्हाडीला सुट्टी, मग ह्यानंच काय घोडं मारलंय?"

वर्सभरात पयल्यांदा मी निवांत उभा व्हतो.

तेवढ्यात फोन वाजला. "कुणाला विचारून बंद केलास? वारा वाया चाललाय!" गोरख पूजेचं सांगत ऱ्हायला, आन् साहेबानं तिकडं लांब बसून मला चालू केलं. मित्रांनो, माझ्याजवळ कुणाचा हात नव्हता, आन् मी फिरायला लागलो. एक हिसका बसला. टक् थांबलं.

गोरखनं कान लावला. उडीच मारली त्यानं. "आत्ये, नारळ पावला! बरा झाला बघ तुजा पंखा!"

बयाबाईनं बी येऊन कान लावला. लई येळ लावला. मग माझ्या पायाला हळद लावली, कडाकडा बोटं मोडली, आन् शेरडांना परत माझ्या सावलीत यायची हाळी दिली.

आता खरं सांगतो. पात्याच्या बुडाशी एक बोल्ट मोडलाय. तो खुळखुळत व्हता तवर टक् वाजायचं. त्या हिसक्यानं तो निसटला आन् माझ्या नाकाडात, तिन्ही पाती जुळत्यात तिथं, पडून ग्रीसमदी रुतला. म्हणून आवाज न्हाई. त्याच्या शेजारचे दोन ढिले झाल्यात. काल तिसरा.

स्क्रीनवर हिरवंच हाय. गोरख आता कान लावत न्हाई. बऱ्या माणसाला कोण तपासतं?

मित्रांनो, बोंबलणाऱ्याला औषध मिळतं. गप बसलेल्याची कुणी चौकशी करत न्हाई. तुमच्या घरात, गोठ्यात, इंजनात कुणी वरडायचं थांबलं, तर लगीच नारळ फोडू नका. उघडून बघा.

आन् तुमच्यातलं कुणी आज पठारावर आलं, तर आधी म्हातारीचा हात धरा. म्हणा, आजे, चल बाभळीखाली. आयकली न्हाई तर शेरडं हाका, ती मागनं येईल.

वारा उठलाय. मी जोरात फिरतोय, आन् काय बी वाजत न्हाई.

सावली दगडावर आली. बयाबाई भाकर सोडतीय.