ठणठणीत माणसाचा विमा

विमानाची तिकिटं काढताना सगळ्यात शेवटी स्क्रीनवर एक चौकट आली. प्रवासविमा हवा का? नवऱ्याने फार विचार न करता तिथे बोट टेकवलं. बायको आणि वडील, दोघांचा मिळून विमा बाहेरच्या एका जेवणाच्या खर्चात बसत होता. "झालं काम," असं म्हणून त्याने लॅपटॉप मिटला.

बायकोला मात्र ते पटेना. ती घरी पडदे शिवायची. कापड फार स्वस्त मिळालं की आधी ते उलटं करून बघायचं, ही तिची सवय. तिचे सासरे, आप्पा, सत्तरी ओलांडलेले. मागच्याच वर्षी त्यांच्या हृदयाची एक नळी बंद पडली होती आणि डॉक्टरांनी तिथे स्टेंटची स्प्रिंग बसवली होती. अशा माणसाचा परदेशातला विमा एका जेवणाच्या पैशात?

खरं तर जायचं तिचं एकटीचंच ठरलं होतं. नणंद परदेशात एकटी राहायची आणि तिच्या मणक्याचं ऑपरेशन होणार होतं. नंतर महिना-सव्वा महिना वाकायचं नाही, उचलायचं नाही. घरात कुणीतरी हवंच. पण बातमी कळली तशी आप्पांनी पिशवीच काढली.

"माझी पोरगी तिकडे पाठ चिरून घेणार आणि मी इथे पेपर वाचत बसू? मी येणार."

आप्पांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून काम केलेला माणूस, त्याला भीती घालून थांबवणं कुणालाच जमलं नाही.

तिने विम्याचे कागद उघडून वाचायला घेतले. पहिली पानं गोडगोड होती. मग बारीक अक्षरांत एक ओळ आली : आधीपासून असलेले आजार आणि त्यांतून उद्भवणारे त्रास वगळून.

तिने ती नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली.

"अगं, होणार काय आहे? देव तारी त्याला कोण मारी."

"देव तारेल रे. पण बिल कोण भरेल? वन्सं तर पाठीवर पडलेल्या असणार. त्यांच्याच डोक्यावर येईल ना ते?"

तो विमा त्यांनी रद्द केला, आणि शेजारणीने सांगितलेल्या विमावाल्या बाईंकडे ती आप्पांना घेऊन गेली. जाताना रस्त्यात आप्पा म्हणाले, "तिथे जास्त बोलायचं नाही. विचारतील तेवढंच."

औषधांच्या दुकानावर एक अरुंद खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, कुरकुरणारा प्रिंटर. विमावाल्या बाईंचा घसा बसलेला होता, तरी त्या बोलायला कंटाळत नव्हत्या.

"आधी किंमत कशावर ठरते ते ऐका," त्या म्हणाल्या. "वय किती, दिवस किती आणि जायचं कुठे. जिथे दवाखाना महाग तिथला विमा महाग. मग आजारपणाची रक्कम किती मोठी घ्यायची ते. आणि पहिला थोडा खर्च तुम्ही सोसायला तयार असाल तर हप्ता खाली येतो. सामान हरवलं, विमान चुकलं, त्याचं जास्तीचं संरक्षण नको असेल तर काढून टाका. दवाखान्याच्या रकमेला मात्र कात्री लावू नका. आणि दोघांचा एकत्र घेऊ नका, ताई. एकत्र घेतला की थोरल्याच्या वयाने हिशोब होतो आणि तुमचाही उगाच महाग पडतो."

ती मान डोलावत होती. हे सगळं पडद्याच्या मापासारखंच होतं, कुठे ओढायचं आणि कुठे सोडायचं.

"बरं, काका. आजार काही? ऑपरेशन? रोजच्या गोळ्या?"

"छे!" आप्पा ताठ बसले. "ठणठणीत आहे मी. जिना चढून आलो ना तुमच्यासमोर?"

बाईंनी लिहायला पेन टेकवलं. परक्या माणसासमोर सासऱ्यांचं बोलणं खोडून काढायचं, हे तिने एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं. नवरा बरोबर असता तर त्याने केलं असतं. किंवा कदाचित नसतंही केलं.

"आप्पा, स्प्रिंगचं सांगा ना," ती म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीकडे तोंड केलं.

"मागच्या वर्षी बसवलीय," तिनेच पुढे सांगितलं. "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. ब्लडप्रेशरचीही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, न सांगता विमा स्वस्त मिळेल, हे खरंय. पण तिकडे छातीत दुखलं तर डॉक्टर आत बघणारच, आणि स्प्रिंग काही लपून बसत नाही. मग कंपनी म्हणेल, तुम्ही आम्हाला फसवलंत. छातीचं सोडा, उद्या पाय मोडला तरी त्या बिलावरून भांडेल. तेलही गेलं, तूपही गेलं."

"आणि सांगितलं तर?" तिने विचारलं.

"तर महाग. त्या स्वस्त विम्याच्या कितीतरी पट. तपासण्या मागतील. कदाचित नाहीच म्हणतील. हो म्हणाले तरी हृदयासाठी मर्यादा घालतील. जीवावर बेतलं तरच देणार आणि ठरलेल्या रकमेपर्यंतच. ते मी लेखी मागून घेईन." मग त्यांनी पेन परत उचललं. "आणि महागडा विमा विकला की मला जास्त मिळतं, हेही आत्ताच सांगते. म्हणून अजून दोन ठिकाणी विचारून या."

तिने विचारलं. एका ठिकाणी आकडा ऐकून ती नुसतीच परत आली. दुसऱ्या ठिकाणचा तरुण म्हणाला, "गोळ्यांचं नका सांगू, कोण बघतंय?" ती तिथूनही उठली आणि बसलेल्या घशाच्या बाईंकडेच परत गेली.

घरात आप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ताट समोर आलं तर जेवायचे. पण काही हवं असलं तर मुलाला सांगायचे, "तिला म्हणावं, मीठ दे." ती तिथेच दोन पावलांवर उभी असायची. रक्ततपासणीला, हृदयाच्या तपासणीला ते मुकाट्याने आले. तिथल्या मुलीने फिरत्या पट्ट्यावरून चालायला सांगितलं तेव्हा मात्र मोठ्याने म्हणाले, "चालतो. आमच्या घरात मला आजारी ठरवायचं कंत्राट निघालंय."

तिने ऐकून घेतलं. बोलणं लागलं, पण त्याहून दुसरी काळजी मोठी होती. सगळे अहवाल जाऊन कितीतरी दिवस झाले तरी कंपनीचं उत्तर नव्हतं. विमान सुटल्यावर विमा घेऊन उपयोग नाही, हे बाईंनी निक्षून सांगितलेलं. बॅगा भरून दारापाशी उभ्या. तिच्या मनात नको नको ते यायचं. कंपनी नाही म्हणाली तर? आप्पांना मागे ठेवायचं कसं? आणि तसेच नेले तर? शिवताना तिचं लक्ष उडालं, मशीनची सुई तुटली आणि गिऱ्हाइकाच्या पडद्याची झालर वाकडी गेली. ती उसवत असतानाच फोन वाजला.

"आला हो!" बाईंचा घसा अजून बसलेलाच होता. "हृदयासकट. मर्यादा आहे, पण आहे. मदतीचा नंबर फोनच्या पाठीवर चिकटवून ठेवा. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर नेता नेता आधी त्यांना कळवायचं. मागाहून कळवलं तर खुसपटं काढतात."

तिने नंबर कागदावर लिहून फोनच्या पाठीवर डकवला. आप्पांनी ते पाहिलं आणि बुटांना पॉलिश करत राहिले.

प्रवास नीट झाला. नणंदेचं ऑपरेशनही नीट झालं. ती घरी आली. पलंगावर सरळ पडून असायची, कूस बदलायलाही वहिनीचा हात धरायची. आप्पा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसत आणि जुन्या इमारतींतल्या लिफ्टांच्या गोष्टी सांगत. ती हसली की पाठ दुखायची. "आप्पा, हसवू नका हो," म्हणायची आणि पुन्हा विचारायची, "मग त्या जाड्या मालकाचं काय झालं?"

पंधरवडा असा गेला. मग एका दुपारी वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. आप्पा स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. सोलताना हात थांबला. तिने मान वळवली. त्यांच्या कपाळावर घाम साचला होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"आप्पा?"

"पित्त झालंय." आवाज नेहमीचा नव्हता. "ओरडू नकोस. ती झोपलीय."

"छातीत दुखतंय?"

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा भिजला होता. "कधीपासून?"

"सकाळपासून येतंय-जातंय."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"इथल्या दवाखान्यात पाय ठेवला की पोरीचं घर विकावं लागेल." ते दम घेत घेत बोलत होते. "एवढ्याशा तपासणीला ही किती देते, बघतोय ना मी. थोडं पडतो. उतरेल."

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "घर विकायला लागणार नाही. विमा आहे."

"ठणठणीत माणसाचा?"

"नाही. तुमचा. स्प्रिंगसकट."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. "कागदावरही सगळं लिहून दिलंस तू?"

"सगळं. गोळ्यांची नावंसुद्धा."

आप्पांनी टेबलाची कड सोडली. "मग बोलाव कुणाला ते, सूनबाई," ते म्हणाले.

नणंद पलंगावरूनच फोन लावून पत्ता सांगत होती. तिला उठता येत नव्हतं, वडिलांचं तोंड दिसत नव्हतं, आणि ती सारखी विचारत होती, "वहिनी, शुद्धीत आहेत ना? बोलतायत ना?" रुग्णवाहिका आली. गाडीत बसल्या बसल्या वहिनीने फोन उलटा करून चिकटवलेला नंबर लावला.

पलीकडचा आवाज शांत होता. नाव, वय, विम्याचा क्रमांक, दवाखाना कुठला. मग थांबायला सांगून त्यांनी वाद्यांची एक धून लावून दिली. ती धून पुन्हा पुन्हा तिथेच येत होती. समोर आप्पांच्या नाकावर नळी होती, डोळे मिटलेले. तिच्या डोक्यात एकच चक्र. काही सांगायचं राहिलं असेल तर? कुठली तारीख चुकली असेल तर? मर्यादा पुरली नाही तर? आपणच हट्टाने विमा महाग घेतला, आता कंपनीने हात वर केले तर घरात तोंड कसं दाखवायचं?

"तुमच्या सासऱ्यांना आधी हृदयाचा त्रास होता का?" आवाज परत आला.

"हो. होता. तुम्हाला कळवलंय. लेखी आहे."

पुन्हा धून. मग : "हो, आमच्याकडे नोंद आहे. उपचार सुरू करू द्या. दवाखान्याशी आम्ही बोलतो."

तिला रडूच फुटलं. गाडीतल्या माणसाने तिच्या हातात कागदी रुमाल दिला आणि पुन्हा आप्पांच्या नाडीकडे वळला.

दुसरीच एक नळी तुंबली होती. त्याच संध्याकाळी तिथे स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. हे तिने नणंदेला सांगितलं नाही. आप्पांना तर नाहीच.

कंपनीने जीवावर बेतलेल्या उपचाराचे पैसे मर्यादेपर्यंत दिले. पहिला थोडा खर्च ठरल्याप्रमाणे घरच्यांनी सोसला. नंतरचे जादा दिवस आणि पुढच्या तपासण्या मात्र त्यात बसल्या नाहीत. त्यावरून कितीतरी पत्रं गेली आणि शेवटी तो भाग बहीण-भावाने वाटून घेतला. जड गेला, पण घर विकायची वेळ आली नाही.

डॉक्टरांनी परतीचं विमान पुढे ढकलायला लावलं. मुदत संपायच्या आत वाढवून घेण्यासाठी तिने विमावाल्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "मुदत वाढवतायत. पण वाढीव दिवसांत हृदय वगळलंय. जे होऊन गेलं त्याचा विमा आता कुणी देत नाही, ताई. सांभाळून राहा."

म्हणजे ते शेवटचे दिवस त्यांना उघड्यावरच काढायचे होते. आप्पा खोकले तरी ती स्वयंपाकघरातून पळत यायची. रात्री उठून त्यांच्या दाराशी कान लावायची. तिने हे वाढीव दिवसांचं कुणाला सांगितलं नव्हतं. पण आप्पांनी ओळखलं असावं, कारण एके सकाळी ते आपणहून म्हणाले, "सूनबाई, आज बरं वाटतंय. खरंच सांगतोय. दुखलं असतं तर दुखतंय म्हणालो असतो."

त्या दिवशी नणंदेला घराबाहेर चालायची परवानगी मिळाली. बाप-लेक निघाले. तिच्या कमरेला पट्टा, त्यांच्या पायांत जोर नाही. वहिनी मागून चालत होती, दोघांच्या पाठींवर नजर ठेवून.

"आप्पा, माझा हात धरा. पडाल."

"मी कशाला पडतो? तूच धर माझा."

"तुमचं हृदय..."

"तुझी पाठ..."

कोपऱ्यावर बाक होता. दोघं एकदमच बसायला वाकले, एकदमच कण्हले आणि एकमेकांकडे बघून हसायला लागले. नणंद पाठ धरून हसत होती. वहिनीने जवळ जाऊन आधी आप्पांचा श्वास पाहिला. तो बरोबर चालला होता. मग ती दोघांच्या मधल्या जागेत बसली.